पॅरिशच्या नेबरहूड प्लॅनचं सस्टेनेबिलिटी अप्रेझल कसं करायचं (आणि साईट निवडायच्या आधीच का करायचं)

इंग्लंडमधल्या खेड्यात राहायला आलात की कधी ना कधी पॅरिश कौन्सिलचं बोलावणं येतंच. मला ते पलीकडच्या घरातल्या रिटायर्ड आजोबांकडून आलं, कारण काय तर मला एक्सेल चांगलं येतं. गेले एकदा बघायला म्हणून आणि नेबरहूड प्लॅनच्या स्टीअरिंग ग्रुपमध्ये अडकले ती तीन वर्षं. त्यात सस्टेनेबिलिटी अप्रेझल, म्हणजे गावाचा आराखडा पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पर्यावरण, माणसं आणि पोटापाण्याचे धंदे या तिन्हींना झेपणारा आहे का हे तपासायचं काम, माझ्या गळ्यात पडलं. इथल्या खेड्यांमधनं आता बरीच मराठी कुटुंबं आहेत, तुमच्यापैकी कोणाच्या गळ्यात ते पडलं तर उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहून काढतेय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी पॅरिश म्हणजे काय ते. वसईकडच्या मंडळींना पॅरिश म्हटलं की धर्मग्राम आठवेल, पण इथला सिव्हिल पॅरिश १८९४ च्या कायद्याने चर्चपासून वेगळा झालाय. आपल्या ग्रामपंचायतीसारखा, फक्त अधिकार फार कमी. बांधकामाची परवानगी डिस्ट्रिक्ट कौन्सिल देतं, पॅरिशला नुसतं मत मांडता येतं. २०११ च्या लोकॅलिझम अॅक्टने मात्र एक खरा अधिकार दिला: गावाने स्वतःचा नेबरहूड डेव्हलपमेंट प्लॅन करायचा, तो रेफरेंडममध्ये पास झाला की डिस्ट्रिक्टच्या डेव्हलपमेंट प्लॅनचा भाग बनतो आणि परवानग्या त्याला धरून द्याव्या लागतात. कंब्रियातला अप्पर ईडन हा पहिला, मार्च २०१३ मध्ये. आपल्याकडच्या 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्याशी गल्लत करू नका, त्यात कामं आणि पैसे असतात, इथे फक्त जमीन कशी वापरायची त्याच्या पॉलिसीज. खड्डे बुजवा, बस वाढवा हे यात बसत नाही आणि पहिल्याच मीटिंगला सगळे नेमकं तेच मागतात.

पायरी १: नक्की काय करणं भाग आहे ते ठरवा

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच समजतात. पहिली एसए, सस्टेनेबिलिटी अप्रेझल. डिस्ट्रिक्टच्या लोकल प्लॅनला ते कायद्याने लागतं, नेबरहूड प्लॅनला लागत नाही. पण प्लॅनने ज्या 'बेसिक कंडिशन्स' पाळायच्या असतात त्यातली एक आहे की प्लॅनचा शाश्वत विकासाला हातभार लागला पाहिजे, आणि ते एक्झॅमिनरला, म्हणजे प्लॅन तपासणाऱ्या स्वतंत्र परीक्षकाला, दाखवायचं कसं, तर एसए करून. म्हणजे सक्ती नाही पण नसेल तर अडचण तुमचीच.

दुसरी एसईए, स्ट्रॅटेजिक एन्व्हायर्नमेंटल असेसमेंट, २००४ च्या रेग्युलेशन्सखाली. प्लॅनमुळे पर्यावरणावर लक्षणीय परिणाम होण्याची शक्यता असेल तर ही सक्तीची. लागते की नाही ते ठरवायला स्क्रीनिंग, ते बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्टच करून देतं आणि नॅचरल इंग्लंड, हिस्टॉरिक इंग्लंड, एन्व्हायर्नमेंट एजन्सी या तिघांचं मत घेतं. ढोबळ अंदाज असा की प्लॅनमध्ये घरांसाठी जागा नेमून दिल्या असतील तर एसईए लागेल असंच धरून चाला, आणि नुसतं डिझाईन कोड, लोकल ग्रीन स्पेस वगैरे असेल तर बऱ्याचदा सुटका होते. नाही लागत असं ठरलं तरी त्याची कारणं लिहिलेला कागद हवाच, तो नसेल तर प्लॅन दाखल करताना अडतो. आणि स्क्रीनिंग झाल्यावर कोणीतरी हळूच एक नवीन साईट घुसवली तर ते पुन्हा करायचं, हे कटकटीचं वाटतं म्हणून लोक करत नाहीत आणि मग फसतात.

तिसरी एचआरए, हॅबिटॅट्स रेग्युलेशन्स असेसमेंट, म्हणजे प्राणी-पक्षी-वनस्पतींसाठी संरक्षित केलेल्या जागांना प्लॅनमुळे धोका आहे का याची तपासणी. हे स्वतः करायच्या भानगडीत पडूच नका, डिस्ट्रिक्टवर सोपवा. फक्त दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, संरक्षित जागा तुमच्या गावात असायची गरज नाही. वाय नदीच्या किंवा सॉमरसेट लेव्हल्सच्या खोऱ्यातल्या गावांना वरच्या अंगाला बांधलेल्या घरांचं फॉस्फेट खाली किती वाहून जातं याचा हिशोब द्यावा लागतो, आणि थेम्स बेसिन हीथ्स या पक्ष्यांसाठी संरक्षित माळरानापासून ४०० मीटरच्या आत तर नवीन घर जवळपास अशक्यच. दोन, २०१८ च्या एप्रिलमध्ये युरोपियन कोर्टाने स्वीटमन प्रकरणात सांगितलं की स्क्रीनिंग करताना 'आम्ही उपाय करू' हे जमेस धरता येणार नाही. म्हणजे उपाय लागत असेल तर पूर्ण असेसमेंट करावं लागतं, आणि ते लागलं की एसईएसुद्धा बहुतेक मागोमाग येतेच.

माझं मत विचाराल तर एसईए लागो न लागो, दहा-पंधरा पानांचं साधं एसए करा, लागली तर दोन्ही एकाच रिपोर्टमध्ये. पूर्वी सरकारी स्कीममधून कन्सल्टंट फुकट मिळायचा, ती मदत २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे स्क्रीनिंगचं पत्र पहिल्या सहा महिन्यांतच टाका, नाहीतर अर्ध्या वाटेत कळतं की काही हजार पाउंड लागणारेत आणि पॅरिशच्या खात्यात तेवढे नसतात. २०२३ च्या लेव्हलिंग अप कायद्यात एसईएच्या जागी एन्व्हायर्नमेंटल आउटकम्स रिपोर्ट आणायची तरतूद आहे, पण तो लागू होईपर्यंत जुनंच चालवायचं.

पायरी २: स्कोपिंग, म्हणजे गाव आत्ता कसं आहे

मला सगळ्यात आवडलेला भाग. मॅजिक नावाचा सरकारी नकाशा उघडा, त्यावर संरक्षित जागा, प्राचीन जंगल, सगळं दिसतं. एसएसएसआय, म्हणजे निसर्गासाठी संरक्षित केलेल्या खास जागा, त्यांच्याभोवतीचे इम्पॅक्ट रिस्क झोन्सही असतात, त्यावर क्लिक केलं की कुठल्या प्रकारच्या बांधकामाला नॅचरल इंग्लंडला विचारावं लागेल ते कळतं. नॅशनल हेरिटेज लिस्टवरनं जुन्या इमारती काढा. शेतजमिनीचा दर्जा बघा, ग्रेड १, २ आणि ३ए म्हणजे उत्तम जमीन, पण इथे एक मेख आहे: फुकटच्या जुन्या नकाशावर ग्रेड ३ सगळं एकाच रंगात आहे, ३ए कुठलं आणि ३बी कुठलं ते प्रत्यक्ष माती तपासल्याशिवाय कळत नाही. तेव्हा 'साधीच जमीन आहे' असं ठोकून देऊ नका.

पुराचं आपल्याला लवकर समजतं. महाराष्ट्रात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतल्या पुराची, तर इथला फ्लड झोन ३ म्हणजे नदीच्या बाबतीत साधारण आपली लाल रेषाच, कुठल्याही वर्षी पूर यायची शक्यता एक टक्का किंवा जास्त. फरक एवढाच की बांध घातलेला असला तरी नकाशा तो नाहीच असं समजून काढलाय. आणि नदी नसली म्हणून निश्चिंत होऊ नका, पावसाचं पाणी उतारावरनं वाहत येतं त्याचा नकाशा वेगळा असतो, खेड्यांमध्ये खरा घोळ तिथेच असतो. आमच्याकडे एक गल्ली दर हिवाळ्यात भरते कारण शेताखालची जुनी मोरी तुंबलेली आहे, ते कुठल्याच नकाशात नाही, पोस्टमनला मात्र माहितीय. तेव्हा नकाशे झाले की गावातल्या चार जुन्या माणसांबरोबर पाऊस पडत असताना एक चक्कर मारा, फोटो काढा, तारीख टाका.

लोकसंख्येसाठी २०२१ ची सेन्सस, पण कामाला कसे जातात त्या आकड्यांवर विसंबू नका, ती मोजणी २१ मार्च २०२१ ची, कोविडमधली, अर्धा देश घरात बसलेला. त्यावरून 'आमच्या गावात कोणी गाडीने कामाला जात नाही' असा जावईशोध लावणारा एक ड्राफ्ट मी पाहिलाय. त्यापेक्षा सकाळी साडेसातला चौकात उभं राहून गाड्या मोजा. शाळेत मुलं किती आणि जागा किती, डॉक्टर किती मैलांवर, शेवटची बस कितीला, दुकान आहे की पब पण बंद झालाय, घरं तेलावर गरम होतात की गॅस आलाय, आणि सगळ्यात महत्त्वाचं, सांडपाणी. वॉटर कंपनीला लेखी विचारा की सीवेज वर्क्सला अजून किती घरं झेपतील. तोंडी उत्तर कायम 'काही प्रॉब्लेम नाही' असंच येतं.

यातला सापळा म्हणजे माहितीचा ढीग. डिस्ट्रिक्टच्या रिपोर्टमधनं शंभर पानं उचलून चिकटवणं सोपं असतं. मी प्रत्येक ओळीपुढे एक कॉलम ठेवला होता, त्याला नाव दिलं 'मग काय?'. शाळेत ४० टक्के जागा रिकाम्या, मग काय? मग लहान मुलांची कुटुंबं येतील अशी घरं हवीत. 'मग काय'ला उत्तर नसेल तर ती ओळ उडवा. शिवाय प्लॅन केलाच नाही तर गावाचं काय होईल, तेही लिहायचं असतं, ते बरेच जण विसरतात. हा स्कोपिंग रिपोर्ट नॅचरल इंग्लंड वगैरे त्या तीन संस्थांना पाठवायचा, त्यांना पाच आठवडे असतात.

पायरी ३: मोजपट्टी

आठ ते दहा उद्दिष्टं पुरे. निसर्ग, लँडस्केप, वारसा, पाणी आणि पूर, माती, हवामान, घरं, सोयी आणि आरोग्य, प्रवास, रोजगार. प्रत्येकाखाली दोन-तीन प्रश्न, आणि ते तुमच्याच गावाचे पाहिजेत. 'जैवविविधतेला चालना मिळेल का' असा प्रश्न कुठल्याही गावाला चालतो म्हणजे कोणालाच उपयोगाचा नाही. 'चर्चमागच्या कुरणातलं जुनं झुडपांचं कुंपण तुटेल का' असं विचारा.

दोन गोष्टी इथे सांभाळा. प्लस-मायनसची बेरीज करू नका. कार चार्जर लावला म्हणून दोन मार्क, जुनं जंगल कापलं म्हणून वजा दोन, म्हणजे झालं शून्य, असं होत नसतं! रंग द्या, चिन्हं द्या, पण शेजारी वाक्यात कारण लिहा. आणि दुसरं, खेड्याला शहराची फूटपट्टी लावू नका. बस नाही म्हणून गाव अनसस्टेनेबल, म्हणून घरं नकोत, म्हणून मुलं नाहीत, म्हणून शाळा बंद, आणि मग तर गाव आणखीनच अनसस्टेनेबल, हे चक्र इथल्या कित्येक गावांनी भोगलंय. राष्ट्रीय धोरणातच, एनपीपीएफमध्ये, लिहिलंय की ग्रामीण भागात घरं अशा ठिकाणी असावीत जिथे गावाचा जिवंतपणा टिकेल, आणि एका खेड्यातल्या घरांमुळे शेजारच्या खेड्यातल्या सोयीही तगू शकतात. तेव्हा प्रवासाच्या रकान्यात लाल असेल तर लाल लिहा, पण शाळेच्या रकान्यात हिरवं आहे तेही लिहा.

पायरी ४: पर्याय, खरी लढाई इथे

बहुतेक गावं इथेच लबाडी करतात, आम्हीही करणार होतो. कमिटीने मनात साईट आधीच ठरवलेली असते, मग कोणीतरी म्हणतं आता जरा ते मॅट्रिक्स (साईट्स आणि उद्दिष्टांचा तक्ता) भरून टाका. लग्न झाल्यावर पत्रिका जुळवण्यातला प्रकार. कायदा म्हणतो वाजवी पर्याय सगळे सारख्याच खोलीने तपासा आणि निवडले का, नाकारले का, ते सांगा.

वेस्ट ससेक्समधल्या हेनफील्डची गोष्ट माहीत असायलाच हवी. गावाने प्लॅन केला, एक्झॅमिनेशन झालं, रेफरेंडम पास झाला, प्लॅन मंजूर झाला. मग एका बिल्डरने कोर्टात नेलं. गावाच्या पश्चिमेकडे घरं वाढवायचा पर्याय रस्त्यांच्या क्षमतेचं कारण देऊन बाजूला ठेवलेला, आणि त्या कारणाला आधारच नव्हता, कारण तिथल्या एका साईटला हायवेवाल्यांची हरकत नव्हती. २०१६ मध्ये हायकोर्टाने अख्खा प्लॅन रद्द केला. त्याच वर्षी कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ह्जचा प्लॅन मात्र टिकला. त्यांनी नवीन घर फक्त कायम राहणाऱ्यालाच, सेकंड होमवाल्याला नाही, अशी पॉलिसी केली होती. विरोधकांचं म्हणणं, खुल्या बाजाराची जास्त घरं बांधायचा पर्याय का नाही तपासला. कोर्ट म्हणालं, प्लॅनचं उद्दिष्टच ज्यातनं साधत नाही तो वाजवी पर्याय नव्हे. म्हणजे आकाशाखालचे सगळे पर्याय तपासा असं कोणी म्हणत नाही, पण जे तपासाल त्याचं कारण खरं पाहिजे.

प्रत्यक्षात करायचं काय. डिस्ट्रिक्टकडून गावाचा घरांचा आकडा घ्या. त्यांच्या जमिनींच्या यादीतल्या साईट्स घ्या, वर स्वतः जाहीर नोटीस काढून जमीनमालकांना बोलवा. मग एकेक साईट तपासताना जोडीने गठ्ठ्यांचे पर्यायही करा: सगळी घरं गावाच्या एका टोकाला, की तीन छोट्या साईट्स, की जुनं गोठ्याचं आवार आणि मधल्या रिकाम्या जागा. माझी चूक सांगते. एका शेतापुढे मी 'रस्ता वाईट' लिहिलं, कारण फेब्रुवारीत चिखलात माझेच बूट रुतले होते. काउंटीच्या हायवे विभागाला विचारलं तर त्यांची हरकतच नव्हती. तेव्हापासून नियम केला, नाकारायचं कारण ज्याचं ते काम आहे त्याच्याकडून लेखी आणायचं, आणि ते पत्र फाईलमध्ये. ज्याच्या मेहुण्याची जमीन आहे तो त्या साईटच्या चर्चेला खोलीबाहेर, आणि हे मिनिट्समध्ये लिहा.

आता आमच्या मॅट्रिक्सने काय पकडलं ते ऐका. लोकांना मोठी वसाहत नको होती म्हणून आम्ही तीन साईट्स काढल्या, प्रत्येकी नऊ घरं, सगळे खूश. घरांच्या रकान्यात प्रश्न होता की गावातल्या तरुणांना परवडतील का. आणि लक्षात आलं की साधारण नियमाप्रमाणे दहा घरांच्या खाली परवडणारी घरं मागताच येत नाहीत (डेझिग्नेटेड रूरल एरिया, म्हणजे सरकारने तसा ठरवून दिलेला ग्रामीण भाग असेल तर मर्यादा खाली असते, आमचा नाही). म्हणजे सत्तावीस घरं आणि परवडणारं एकही नाही! वर तिन्ही साईट्सचं पाणी त्याच तुंबलेल्या मोरीकडे जाणार, एकेकटी तपासली तर परिणाम किरकोळ, एकत्र केली की गल्लीत होड्या. मग दोन साईट्स एकत्र करून अठराची एक केली, तिसरी सोडली आणि उरलेल्या नऊ घरांसाठी गोठ्याचं आवार आणि मधल्या जागा धरल्या. चार लोक अजून माझ्याशी बोलत नाहीत.

पायरी ५: पॉलिसीज चाळणीतून काढा

साईट्स झाल्या की प्रत्येक पॉलिसी त्याच मोजपट्टीवर. 'विकासाने निसर्गाचा विचार करावा' असली वाक्यं सगळीकडे हिरवी येतात आणि करत काहीच नाहीत. जे कायद्यातच आहे ते पुन्हा लिहूनही उपयोग नाही. उदाहरणार्थ १० टक्के बायोडायव्हर्सिटी नेट गेन, म्हणजे बांधकामानंतर निसर्ग आधीपेक्षा तेवढा वाढलेला हवा, हे मोठ्या साईट्सना फेब्रुवारी २०२४ पासून आणि छोट्यांना एप्रिलपासून लागू झालं, काही सवलती आहेत, पण ती पॉलिसी करून तुम्ही गावाला नवीन काय दिलं? ती वाढ कुठे हवी ते सांगा, ओढ्याकाठच्या पट्ट्यात हवी असं. पॉलिसी आधी कशी होती, तपासल्यावर काय बदललं, याचा एक तक्ता ठेवा. तो तक्ता रिकामा असेल तर समजा तपासणी नावापुरती झाली.

पायरी ६: कागदपत्रं आणि कन्सल्टेशन

रिपोर्ट ड्राफ्ट प्लॅनबरोबरच लोकांपुढे ठेवा, रेग्युलेशन १४ खाली ड्राफ्टवर गावाची मतं मागवायचे सहा आठवडे असतात तेव्हाच, नंतर मागनं जोडलेला रिपोर्ट वाचणाऱ्याला लगेच वास येतो. सुरुवातीला साध्या भाषेतला सारांश हवा, तो व्हिलेज हॉलमध्ये भिंतीवर लावा, अख्खा रिपोर्ट तीन जण वाचतात आणि त्यातला एक बिल्डरचा वकील असतो. मग प्लॅन डिस्ट्रिक्टकडे, तिथे पुन्हा किमान सहा आठवडे, मग एक्झॅमिनर, मग रेफरेंडम, त्यात निम्म्याहून जास्त मतं हो म्हणाली की झालं. मधल्या काळात काहीही बदललं तर रिपोर्टमध्येही बदला. हे सगळं कशाला असं कोणी कुरकुरलं तर सांगा की जिथे सीआयएल, म्हणजे नवीन बांधकामावरचा कर, आकारलं जातं तिथे मंजूर प्लॅन असलेल्या पॅरिशला त्यातला २५ टक्के हिस्सा मिळतो, नसलेल्याला १५, तोही मर्यादा घालून. कुरकुर थांबते.

मॉनिटरिंगचं एक पान शेवटी लागतं आणि तिथे लोक उत्साहात वीस इंडिकेटर्स टाकतात, वटवाघळं मोजू, हवेतला नायट्रोजन मोजू. मोजणार कोण? आमच्या क्लार्कची नोकरी आठवड्याला दहा तासांची. आम्ही चारच ठेवले: किती घरं मंजूर झाली, त्यातली किती परवडणारी, शाळेत मुलं किती, आणि ती गल्ली वर्षात किती वेळा भरली. मे महिन्यातल्या अॅन्युअल पॅरिश मीटिंगला ते वाचून दाखवतात, सात मिनिटं लागतात, त्यातली तीन प्रोजेक्टर चालू करण्यात जातात.